नोंदीतील तारीख आणि मधली वर्षे : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील श्रद्धेची दैनंदिन वाढ आणि छत्तीसगडची वाट

१. प्रश्नाची मांडणी

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. मुद्रण, कोश, व्याकरण आणि नियतकालिके यांच्या द्वारा मिशनऱ्यांनी अर्वाचीन मराठी गद्याच्या घडणीला लावलेला हातभार, हे पहिले अंग. धर्मांतर या घटनेने एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात उठवलेले वादळ आणि त्याचे वाङ्मयीन पडसाद, हे दुसरे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरी गोष्ट निसटून जाते. श्रद्धा स्वीकारल्यानंतर किंवा स्वीकारण्यापूर्वी ती माणसाच्या रोजच्या जगण्यात, म्हणजे जेवणात, पाण्यात, प्रवासात, नवराबायकोच्या भांडणात आणि आजारपणात, कशी मुरते, कोठे अडते आणि कशी वाढते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात फारसा विचारला गेलेला नाही.

धर्मांतराचा इतिहास तारखांच्या आधारे लिहिला जातो. अमुक व्यक्तीचा अमुक दिवशी, अमुक ठिकाणी बाप्तिस्मा झाला, ही नोंद मंडळीच्या वहीत असते. चरित्रकार ती उतरवून घेतो. विरोधकही तीच तारीख धरून बोलतो. आत्मकथनांकडे वळले की चित्र बदलते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण ज्या अनुभवाला त्यांनी स्वतः खरे वळण मानले तो १८९१ चा. ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार आला १८९३ मध्ये आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या धर्मांतरापासून स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचायला १९०० साल उजाडले. आठ वर्षे, दोन वर्षे, पाच वर्षे. या ‘मधल्या वर्षां’त काय घडले, हाच या आत्मकथनांचा खरा आशय होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाला एक भौगोलिक संदर्भही आहे. टिळकांची मधली वर्षे सुरू झाली ती नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, म्हणजे छत्तीसगडच्या वाटेवर. तोच लोहमार्ग पुढे दुर्ग आणि भिलाईकडे जातो. भिलाईच्या उत्तरेस नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींलगत अहिवारा हे गाव आहे. या मुलखातील श्रद्धेच्या इतिहासाला टिळकांसारखे आत्मकथनकार लाभले नाहीत. त्यामुळे मधल्या वर्षांचा प्रश्न येथे अधिक तीव्र होतो : ज्यांनी लिहून ठेवले नाही, त्यांची मधली वर्षे इतिहासाने कशी वाचावीत?

२. बाप्तिस्म्यापाशी थांबणारी कथा

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेच्या जोपासनेचा पहिला मोठा वाङ्मयीन प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त दिसतो. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे मुद्रित झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचा श्रोता मुख्यतः नवख्रिस्ती होता. ज्याचा बाप्तिस्मा होऊन गेला आहे, पण ज्याच्या कानाला पुराणश्रवणाची सवय आहे, अशा माणसासाठी स्टीफन्स यांनी पुराणाचाच घाट पत्करला. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच ‘स्वीकारानंतर काय?’ हा प्रश्न उभा होता. पुन्हा पुन्हा श्रवण करणे, घोळवणे, मुखोद्गत करणे हे त्याचे उत्तर होते.

एकोणिसाव्या शतकात हा भर बदलला. १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले, तो काळ खंडनमंडनाचा होता. प्रमाण, युक्तिवाद, ग्रंथप्रामाण्य यांच्या भाषेत धर्म बोलू लागला. बाबा पदमनजी हे या पिढीचे सर्वांत समर्थ लेखक. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तीसएक वर्षांनी, १८८४ मध्ये, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे नावच बोलके आहे. अंधारातून उजेडाकडे जाणारा हा प्रवास असून त्याचा सारा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या घडामोडींवर आहे. सूर्य उगवला की कथा आटोपते. नंतरच्या प्रदीर्घ आयुष्यातील रोजच्या श्रद्धेला या कथनात तुलनेने जागा कमी मिळते, कारण ‘अरुणोदय’ कारणे देण्यासाठी लिहिलेला ग्रंथ आहे.

विशेष असे की या पिढीसमोर वेगळा नमुना उपलब्ध होता. जॉन बन्यन यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूपांतर १८४१ मध्येच आले होते. बन्यनच्या यात्रिकाच्या पाठीवरचे ओझे क्रूसापाशी गळून पडते ते कथेच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यावर. त्यानंतरही चढण, बाजार, तुरुंग आणि शंका यांनी भरलेली वाट पुष्कळ उरते. युरोपीय आध्यात्मिक गद्यात ही दुसरी परंपरा क्षीण नाही. सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स मठाच्या स्वयंपाकघरात भांडीकुंडी हाताळताना ईश्वराच्या सान्निध्याचा सराव करतात. १८९८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिझ्यूच्या तेरेझा यांच्या आत्मकथनात लहानसहान कामांचीच साधना होते. विल्यम जेम्स यांनी १९०२ मधील आपल्या ग्रंथात धर्मानुभवाच्या आकस्मिक आणि क्रमशः अशा दोन्ही तऱ्हांची दखल घेतली आहे. मराठीत ही दुसरी तऱ्हा पूर्णत्वाने प्रकटली ती रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या पिढीत.

३. नागपूर ते राजनांदगाव, १८९३

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग तेव्हा नुकताच कलकत्त्याच्या दिशेने जोडला गेला होता. डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. नंतरच्या चरित्रलेखनात या गृहस्थांची ओळख फ्री मेथडिस्ट मंडळीचे अर्नेस्ट वॉर्ड अशी दिली जाते. बोलणे आधी काव्यावर झाले, मग धर्मावर वळले. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला, तो वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. चरित्रकारांनी या भाकितावर भर दिला हे साहजिक आहे, कारण ते खरे ठरले : १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

वाङ्मयेतिहासकाराने मात्र भाकितापेक्षा वाचनाकडे पाहावे. टिळकांनी पुस्तक उघडले ते दिलेला शब्द पाळण्यासाठी. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवणे अशक्य झाले. तरीही ते तडकाफडकी ख्रिस्ती झाले नाहीत. सर्व माणसांना जोडणाऱ्या एका नव्या धर्माची तत्त्वे ते आधीपासूनच मनाशी मांडत होते. ती तत्त्वे या पुस्तकाशी ताडून पाहणे, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीचे स्वतःचे प्रश्न त्यात शोधणे, नाव उघड न करता ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार करणे, असा हा दोन वर्षांचा काळ गेला. घरात याची चाहूल नव्हती, किंवा होती ती अर्धवट. नोकरी, कविता आणि संसार चालूच होते. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो ते या टप्प्यावर एका वाचकाचे दीर्घ, एकाकी वाचन होते.

पुढचा भाग अधिक सूचक आहे. बाप्तिस्म्याने टिळकांचा शोध संपला नाही. अभंग आणि कीर्तन यांच्याकडे ते जितके वळले तितकी त्यांची श्रद्धा ‘मराठी’ होत गेली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी १८६० च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती; टिळकांनी तिला कवीचे सामर्थ्य दिले. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ज्याच्या आयुष्याची ओळख बाप्तिस्म्याच्या तारखेने करून दिली जाते, त्याच कवीने अखेरच्या पर्वात ती रेषा श्रद्धेची कसोटी म्हणून बाजूला सारली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि त्याचा बहुतांश पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. ही घटनाही प्रतीकासारखी वाचण्याजोगी आहे : एकाने आरंभिलेली वाट दुसऱ्याने, आपल्या चालीने, पुढे नेली.

४. धर्म आणि ख्रिस्त : रमाबाईंची आठ वर्षे

टिळकांच्या बाबतीत अनुभव आधी आणि संस्कार नंतर, असा क्रम आहे. रमाबाईंच्या बाबतीत तो उलटा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि कन्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मराठी समाजाने आणि वृत्तपत्रांनी त्या तारखेला धर्मांतर पूर्ण झाले असे मानले आणि त्यावरून त्यांना धारेवर धरले. रमाबाई स्वतः मात्र तसे मानत नव्हत्या. १९०७ मधील आपल्या साक्षीच्या निवेदनात त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. ती उणीव पुढे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, भरून निघाली. याच निवेदनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनाचा त्या उल्लेख करतात. दीक्षित धर्मोपदेशक असूनही हॅस्लम यांना स्वतःच्या श्रद्धेची प्रतीती नंतर आली होती. दुसऱ्याची मधली वर्षे वाचून रमाबाईंना आपली मधली वर्षे ओळखता आली, असे म्हणता येईल.

या आठ वर्षांत रमाबाई स्वस्थ नव्हत्या. अमेरिकेचा प्रवास, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदासदन, त्यावरून उठलेले वाद, ही सर्व याच काळातील कामे. तेव्हा आतील उणीव आणि बाहेरील कर्तृत्व एकाच वेळी नांदू शकतात, ही या आत्मकथनाची एक महत्त्वाची शिकवण होय. नंतरच्या काळात या अनुभवाची कसोटी लागली ती पुन्हा मध्य प्रांतात. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळी मुलखात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा यांना त्यांनी आपल्या आश्रयास आणले. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतः आईवडील गमावले होते. भुकेचा तो अनुभव त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या ‘मुक्ती’चा विस्तार या दुष्काळातून झाला. येथे अध्यात्मवाढ म्हणजे स्वतःच्या जुन्या दुःखाकडे परत जाऊन त्याचे दुसऱ्यासाठी काय करता येईल, हे शोधणे होय. ते शोधायला वीस वर्षे लागली.

५. चूल आणि पाणी : लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. त्याच्या प्रांजळपणाची आणि विनोदाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. त्यातील श्रद्धाविषयक आशय मात्र अनेकदा पतीच्या कथेच्या छायेत वाचला जातो. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा जन्मही टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी जमवण्याच्या निमित्ताने झाला. परंतु लिहिता लिहिता कथा लक्ष्मीबाईंची झाली.

या कथेची भूमिका सोवळ्यात आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, बाजारातून घरात आलेली वस्तू न वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, हे ग्रंथाच्या आरंभीचे प्रसंग वाचक हसत हसत वाचतो. ते हसू पुढे महत्त्वाचे ठरते. कारण १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंपुढे उभा राहिलेला प्रश्न त्रैक्याचा किंवा अवताराचा नव्हता. तो अन्नाचा, पाण्याचा आणि स्पर्शाचा होता. काही वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या. पुढे अहमदनगरला आल्या तरी स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून राहिल्या. पतीविषयीचा जिव्हाळा, समाजाची भीती, मुलाची काळजी आणि लहानपणापासूनचे संस्कार यांच्या ओढाताणीत दिवस जात होते.

या ओढाताणीतून त्या बाहेर आल्या त्या कोणत्याही वादविवादाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच विचारला. माणसाने केला असेल तर तो पाळण्याचे बंधन आपल्यावर नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि त्या उत्तराची अंमलबजावणी त्यांनी खाण्यापिण्याच्या व्यवहारात केली. म्हणजे जातीचा त्याग आधी झाला, ख्रिस्ताचा स्वीकार नंतर आणि १९०० मधील बाप्तिस्मा सर्वांत शेवटी. दीर्घकाळ चाललेल्या प्रक्रियेवर उमटलेली ती मोहोर होती. पुढे दुष्काळातील अनाथ मुलांना घरात घेणे, त्यांच्यासाठी रांधणे, हा त्याच चुलीचा पुढचा प्रवास. जी चूल पाच वर्षांपूर्वी पतीपासूनही वेगळी होती, ती आता अनोळखी मुलांसाठी पेटू लागली. श्रद्धेची वाढ मोजायची झाली तर याहून मूर्त माप मिळणे कठीण.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने येथे एका अनुवादाकडे लक्ष वेधणे उचित होईल. ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याला दिलेल्या शीर्षकाचा आशय ‘मी मागोमाग येत आहे’ असा आहे. वरवर पाहता ते पतीच्या मागे जाणाऱ्या पत्नीचे शीर्षक वाटते. परंतु जुन्या इंग्रजी बायबलमध्ये नेमके हेच शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, येतात. आपण अद्याप पूर्णत्वास पोचलो नाही, पण धावतो आहोत, असे पौल तेथे सांगतो. हा संदर्भ लक्षात घेतला की शीर्षकाचा अर्थ पालटतो : मागे जाणारी स्त्री ही पतीची सावली न राहता, न संपलेल्या वाटेवरची स्वतंत्र प्रवासी ठरते. शांता गोखले यांच्या २०१७ मधील अनुवादाने पत्नीच्या तेजस्वीपणावर भर दिला, तो काळाच्या आकलनाशी सुसंगत आहे. पण पूर्वीच्या शीर्षकातील अपूर्णतेची कबुली त्या भराखाली झाकली जाऊ नये.

६. बिस्रामपूरची वही : मधली वर्षे कोणाची?

येथवरचे विवेचन एका आक्षेपाला वाव देते आणि तो आक्षेप रास्त आहे. रमाबाई आणि टिळक दांपत्य हे ब्राह्मण कुळांत जन्मलेले, लिहिणारे, ज्यांच्या धर्मांतराने वृत्तपत्रे गाजली असे लोक होते. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला होता. त्यांच्यापैकी कितीजणांची मधली वर्षे आपल्याला वाचायला मिळतात? छत्तीसगडात हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

१८६८ मध्ये जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोहर रायपूरकडे आले आणि त्यांनी बिस्रामपूर हे ठाणे वसवले. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाचा एकेश्वरी, मूर्तिपूजाविरोधी आशय पाहून हा सारा समाज लवकरच ख्रिस्ती होईल, अशी मिशनची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. काही कुटुंबे आली, बहुसंख्य समाज आपल्या गुरूंपाशीच राहिला, आणि मंडळीची वाढ संथ गतीने झाली. सौरभ दुबे आणि चॅड बाउमन यांच्या अभ्यासांनी हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. त्यातून दिसते ते असे की बिस्रामपूरच्या नवख्रिस्ती कुटुंबांनी नातेसंबंध, विवाह, सण आणि अन्नव्यवहार यांत जुन्या आणि नव्याची सतत जुळणी केली. मिशननेही त्यांच्या दैनंदिन आचारावर नियम घातले. आणि या दोहोंच्या रस्सीखेचीत एक नवी जीवनपद्धती घडली.

आता हे साहित्य आणि ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून पाहावे. प्रश्न तेच आहेत : कोणाकडे जेवावे, कोणाशी सोयरीक करावी, कोणती खूण अंगावर ठेवावी आणि कोणती उतरवावी. फरक साधनांत आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे प्रश्न प्रथमपुरुषी निवेदनात येतात, म्हणून आपण त्यांना अंतर्मनाचा संघर्ष म्हणतो. बिस्रामपुरात ते मंडळीच्या वहीत, शिस्तभंगाच्या नोंदीत किंवा मिशनऱ्याच्या वार्षिक अहवालात येतात, म्हणून आपण त्यांना समाजशास्त्रीय वर्तन म्हणतो. एखाद्याला मंडळीने नातलगाच्या जुन्या विधीला गेल्याबद्दल समज दिली, तर अहवालकाराला त्यात श्रद्धेचा कमकुवतपणा दिसतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या अभ्यासकाने त्यात वेगळी चूल ठेवून राहणाऱ्या लक्ष्मीबाईही पाहायला हव्यात. तेथे ती ओढाताण वाढीचा भाग ठरत असेल, तर येथे ती केवळ उणीव का ठरावी?

मजकूर नाही म्हणून अंतर्जीवन नव्हते, असा निष्कर्ष काढणे ही वाङ्मयेतिहासातील सर्वांत सोपी आणि सर्वांत अन्यायकारक चूक होय. उच्चवर्णीयाचे धर्मांतर ‘शोध’ म्हणून वाचायचे आणि वंचिताचे धर्मांतर दुष्काळ, औषध किंवा जमीन यांचा ‘परिणाम’ म्हणून वाचायचे, ही दुहेरी मोजपट्टी मिशनच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी सारख्याच सहजतेने वापरली आहे. वस्तुतः भूक ही रमाबाईंच्या श्रद्धेच्याही मुळाशी होती. तिने त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. उलट तिला आशय मिळतो.

७. अहिवारा परिसर : तारखेचा आग्रह

१७४१ मधील भोसल्यांच्या स्वारीपासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडचा मराठी सत्तेशी संबंध होता आणि त्यानंतर हा मुलूख मध्य प्रांताचा भाग झाला. या सहवासाच्या वाङ्मयीन खुणा आजही दिसतात. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीतून हिंदीत ग्रंथ आणत होते. मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. ज्या गावाकडे जाताना टिळकांना नवा करार मिळाला, त्याच गावी सहासात दशकांनी मुक्तिबोधांनी आपल्या अखेरच्या पर्वातील लेखन केले. दोघांचे विचारविश्व अगदी भिन्न. पण स्वतःशी चाललेला न संपणारा झगडा हा दोघांच्याही लेखनाचा गाभा होता.

१९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, नंदिनीची चुनखडी तिकडे जाऊ लागली आणि अहिवाऱ्याभोवतीचा शेतकरी मुलूख औद्योगिक पट्ट्याच्या कडेला आला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार आपापल्या भाषा, देवळे, उपासनागृहे आणि सणवार घेऊन आले. अहिवारा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, ही नोंदही या परिसराचे सामाजिक स्वरूप सांगते. अशा ठिकाणी श्रद्धा ही पाळीच्या वेळापत्रकात, शेजाऱ्याच्या लग्नात, दवाखान्याच्या रांगेत आणि आंतरधर्मीय नातेसंबंधांत जगली जाते. तिचा इतिहास तारखांनी लिहिता येत नाही.

आणि तरीही तारखेचा आग्रह येथे राज्यसंस्थेनेच धरला. १९५४ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. रायगड आणि सरगुजा या भागांवर तिचे विशेष लक्ष होते. १९५६ च्या अहवालात धर्मांतराचा विचार प्रामुख्याने प्रलोभन आणि दबाव या कारणांच्या भाषेत झाला. पुढे १९६८ मध्ये मध्यप्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला आणि २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाल्यावर तो तेथेही लागू राहिला. विधी करणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, अशी तरतूद त्यात होती. बळजबरी रोखणे हा कोणत्याही कायद्याचा उचित हेतू असू शकतो. परंतु विधीच्या दिवसावर खिळलेली दृष्टी त्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षे पाहू शकत नाही.

या संदर्भात एक ऐतिहासिक योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्या वर्षी अहवाल आला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या सोहळ्यात न्यायमूर्ती नियोगीही दीक्षा घेणाऱ्यांत होते. येवल्याच्या १९३५ मधील घोषणेपासून या दिवसापर्यंत आंबेडकरांनी एकवीस वर्षे घेतली. आधुनिक भारतातील सर्वांत मोठ्या धर्मांतराची ही एकवीस मधली वर्षे वाचन, तुलना, लेखन आणि प्रतीक्षा यांनी भरलेली होती. ती वगळून केवळ दीक्षेच्या दिवसाचे वर्णन करणारा इतिहास कोणीही पुरेसा मानणार नाही. मग बिस्रामपूरच्या किंवा अहिवाऱ्याच्या एखाद्या अनामिक कुटुंबाला वेगळा न्याय का?

८. समारोप

मार्काच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, एक लहानसा दाखला आहे. माणूस बी पेरतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो; बी रुजते, वाढते, पण कसे ते त्याला ठाऊक नसते. अहवाललेखकाला पेरणी आणि कापणी या दोनच तारखा दिसतात. आत्मकथनाची थोरवी ही की ते मधल्या रात्री आणि मधले दिवस सांगू पाहते, आणि ‘कसे ते ठाऊक नाही’ हेही मान्य करते. रमाबाईंनी धर्म आणि ख्रिस्त यांतील अंतर सांगितले, टिळकांनी बाप्तिस्म्याची रेषा ओलांडून दरबार भरवला आणि लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी बसून जातीचा हिशेब चुकता केला. तिघांच्याही बाबतीत श्रद्धेची वाढ ही एकदा मिळालेल्या सत्याची साठवण नसून त्या सत्याने रोजच्या व्यवहाराला विचारलेल्या प्रश्नांची मालिका आहे.

यातून मराठी आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासासाठी काही दिशा निघतात. ‘ज्ञानोदया’तील वाचकांची पत्रे, मंडळ्यांच्या वह्या, हाताने उतरवून घेतलेल्या भजनांच्या चोपड्या, बायबलांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, छत्तीसगडी भजने आणि सतनामी पंथीगीते यांचे परस्परांशी असलेले नाते, ही सर्व सामग्री मधल्या वर्षांचे वाङ्मय म्हणून वाचली गेली पाहिजे. ती वाचताना ‘स्मृतिचित्रे’ ही केवळ एका असामान्य स्त्रीची कहाणी न राहता वाचनाची एक पद्धत ठरते : नोंदीत जेथे अन्न, पाणी, सोयरीक आणि स्पर्श यांचा उल्लेख येतो, तेथे थांबून त्यामागचा माणूस शोधण्याची पद्धत. नागपूर-राजनांदगावच्या वाटेवर एका वाचकाच्या हाती पुस्तक पडले आणि त्याची दोन वर्षे आपण आस्थेने वाचतो. त्याच वाटेवर थोडे पुढे राहणाऱ्या, पुस्तक न लिहिलेल्या माणसांच्या वर्षांविषयी तितकीच आस्था दाखवणे, ही या अभ्यासशाखेची उरलेली जबाबदारी होय.